नॉव्हेलरायटरमध्ये नवा प्रोजेक्ट केला, पण आउटलाइन रिकामी आणि टॅग जुळत नाहीत: मराठीत लिहिताना नेमकं कुठे बिघडतं

नॉव्हेलरायटर या कादंबरी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये नवा प्रोजेक्ट केला. डावीकडच्या झाडात (डॉक्युमेंटांच्या यादीत) ‘प्रकरण १’, ‘प्रकरण २’ अशी नावं दिली आणि चार-पाच हजार शब्द लिहूनही झाले. मग आउटलाइन (प्रकरणं आणि प्रसंगांचा आराखडा) उघडावी तर ती कोरी असते, किंवा तिच्यात एखाद-दुसरंच प्रकरण दिसतं. पात्रांच्या नोंदी करून त्या प्रसंगांना जोडल्या, तर त्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ येते. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी तेच. मराठीत लिहिणाऱ्यांना ही अडचण वारंवार येते, आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड ओळीच्या पहिल्या चार-पाच अक्षरांत असतो, आणि तो मराठी कीबोर्डमुळे होतो.

पुढचं सगळं नॉव्हेलरायटरच्या २ च्या मालिकेतल्या आवृत्त्यांना धरून आहे. मेनूची नावं इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रोग्रॅम कशाला प्रकरण म्हणतो

डावीकडच्या झाडातली नावं फक्त तुमच्या सोयीसाठी असतात. तिथे डॉक्युमेंटला ‘प्रकरण तिसरे’ असं नाव दिलंत म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी ते प्रकरण होत नाही. तो पाहतो मजकुरातली हेडिंगची ओळ. ओळीच्या अगदी सुरुवातीला # चिन्ह, मग एक स्पेस, मग शीर्षक. एक # म्हणजे कादंबरीचा भाग, दोन म्हणजे प्रकरण, तीन म्हणजे प्रसंग, चार म्हणजे प्रसंगाच्या पोटातला तुकडा. आउटलाइन, नॉव्हेल व्ह्यू, हस्तलिखितातली प्रकरणांची शीर्षकं, सगळं या एका खुणेवर उभं आहे.

डॉक्युमेंटमध्ये हेडिंगच नसेल तर मजकूर हरवत नाही. हस्तलिखित बांधताना, म्हणजे सगळी डॉक्युमेंटं जोडून छापायची प्रत काढताना, तो आधीच्या डॉक्युमेंटचा पुढचा भाग म्हणून जोडला जातो. म्हणून घाबरून कॉपी-पेस्ट करत बसू नका, लिहिलेलं शाबूत आहे. त्याला फक्त नाव नाही.

आधी दोन मिनिटांची तपासणी

जे प्रकरण दिसत नाही त्याचं डॉक्युमेंट उघडा आणि पहिली ओळ नीट पाहा. हेडिंग बरोबर असेल तर ती ओळ मोठ्या अक्षरांत आणि वेगळ्या रंगात दिसते, आणि सेव्ह केल्यावर झाडातलं त्या डॉक्युमेंटचं चिन्हही बदलतं. ओळ बाकीच्या मजकुरासारखीच दिसत असेल तर प्रोग्रॅमने तिला हेडिंग मानलेलं नाही. ओळीच्या सुरुवातीला टिंबाटिंबांचं वर्तुळ आणि त्याखाली लोंबणारा रकार (◌्र) दिसत असेल, तर कारण तिथेच सापडलं. पुढचा भाग वाचा.

ओळ मोठ्या अक्षरांत दिसते पण आउटलाइनमध्ये नाही, असं असेल तर कंट्रोल-एसने सेव्ह करा आणि टूल्स मेनूतून रीबिल्ड इंडेक्स निवडा (किंवा एफ-९ दाबा). तरीही दिसत नसेल तर डॉक्युमेंट चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. त्याविषयी खाली लिहिलं आहे.

इनस्क्रिप्टवर ही चिन्हंच नाहीत

विंडोजचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना या प्रोग्रॅमला लागणारी जवळपास सगळी चिन्हं कळांवरून गायब होतात. त्यांच्या जागी काय उमटतं ते असं:

# च्या जागी (शिफ्ट-३) ्र
@ च्या जागी (शिफ्ट-२) ॅ
% च्या जागी (शिफ्ट-५) ज्ञ
! च्या जागी (शिफ्ट-१) ऍ किंवा ॲ
: च्या जागी छ
_ च्या जागी ः
* च्या जागी (शिफ्ट-८) श्र
दुहेरी अवतरणाच्या जागी ठ

म्हणजे प्रसंगाचं हेडिंग म्हणून तीनदा शिफ्ट-३ दाबलं तर ओळीच्या सुरुवातीला एकाला एक लटकलेले तीन रकार उमटतात. फाँट चांगला असेल तर ते विचित्र दिसतात आणि लगेच लक्षात येतात. काही फाँटमध्ये मात्र ते इतके बारीक आणि एकमेकांत मिसळलेले असतात की ‘फाँटची गडबड असेल’ म्हणून माणूस पुढे लिहीत राहतो आणि तीस प्रसंगांनंतर आउटलाइन उघडतो.

सगळ्यात फसवी जोडी आहे विसर्ग आणि कोलन यांची. कोलनची कळ ‘छ’ देते, म्हणून बरेच जण शिफ्ट-वजाबाकीने विसर्ग घालून वेळ भागवतात. दोन टिंबं एकावर एक, डोळ्याला अगदी तेच दिसतं. प्रोग्रॅमला मात्र विसर्ग हे देवनागरीतलं अक्षर वाटतं, विरामचिन्ह नव्हे. टॅगच्या, म्हणजे पात्र किंवा स्थळाच्या नोंदीला खुणेचं नाव देणाऱ्या, ओळीत कोलनऐवजी विसर्ग पडला की ती ओळ साधा मजकूर होते आणि तशीच हस्तलिखितात छापली जाते. ओळखायची युक्ती अशी: कर्सर दोन टिंबांच्या लगेच नंतर ठेवून डावा बाण एकदा दाबा. विसर्ग आपल्या आधीच्या अक्षराला चिकटलेला असतो, त्यामुळे कर्सर दोन्ही ओलांडून जातो. कोलन असेल तर कर्सर कोलन आणि अक्षराच्या मध्ये थांबतो.

फोनेटिक कीबोर्डवर (रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणाऱ्या) लिहिणाऱ्यांना चिन्हं मिळतात, पण अडचण दुसरीकडे येते. टॅगचे शब्द रोमन लिपीतच लागतात. फोनेटिकवर टी-ए-जी टाइप केलं की ‘टॅग’ उमटतं, आणि @ च्या मागे देवनागरी ‘टॅग’ हा शब्द प्रोग्रॅमला कळत नाही. प्रसंगाचा सारांश % ने सुरू होणाऱ्या ओळीत देतात, तिचंही तेच. % च्या मागे मराठीत ‘सारांश’ लिहिलंत तर ती निव्वळ टीप राहते आणि आउटलाइनचा सारांशाचा रकाना कोराच दिसतो.

चिन्हं टाइप न करता काम करा

दर वेळी विंडोज-स्पेस दाबून कीबोर्ड बदलता येतो. पण लिहिण्याच्या भरात परत मराठीवर यायचं राहून जातं, किंवा मराठीवरून इंग्रजीवर जायचंच विसरतं. त्यापेक्षा चिन्हं हातानं टाइपच न करणं उत्तम. नॉव्हेलरायटरमध्ये तशी पूर्ण सोय आहे.

नवं प्रकरण किंवा प्रसंग करताना झाडावरच्या अधिक चिन्हाच्या बटणातून नुसतं डॉक्युमेंट न निवडता नॉव्हेल चॅप्टर किंवा नॉव्हेल सीन निवडा. नाव विचारणारी चौकट येते. तिथेच मराठीत शीर्षक लिहा: ‘वाड्यातली पहिली रात्र’. प्रोग्रॅम तेच शीर्षक योग्य इतक्या # चिन्हांसह पहिल्या ओळीत घालतो. सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग हाच.

आधी लिहिलेल्या ओळीचं हेडिंग करायचं असेल तर कर्सर त्या ओळीवर ठेवा आणि फॉरमॅट मेनूतून हेडिंग २ (प्रकरण) किंवा हेडिंग ३ (प्रसंग) निवडा. कंट्रोल-२ आणि कंट्रोल-३ यांनीही तेच होतं. चुकून केलेलं हेडिंग काढायला कंट्रोल-०. याच मेनूत ‘नॉव्हेल टायटल’ आणि ‘अननंबर्ड चॅप्टर’ही आहेत. मनोगत, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश यांना क्रमांक नको असतो, तिथे दुसरा पर्याय वापरा.

टॅगसाठी इन्सर्ट मेनूत टॅग्ज अँड रेफरन्सेस आहे. पात्र, स्थळ, कथानक, निवेदकाचा दृष्टिकोन, जे हवं ते निवडलं की @, रोमन शब्द आणि कोलन एकदम येतात आणि कर्सर पुढे थांबतो. मग नुसतं मराठी नाव लिहायचं. सारांशासाठी त्याच मेनूतल्या स्पेशल कॉमेंट्समध्ये सिनॉप्सिस आहे. संवादाची अवतरणं क्वोट मार्क्समधून घाला. तिरपी आणि ठळक अक्षरं कंट्रोल-आय आणि कंट्रोल-बीने करा. अधोरेषा आणि तारका इनस्क्रिप्टवर शोधत बसलात तर मजकुरात विसर्ग आणि श्र साठत जातात.

शीर्षक बदलताना # पुसला जातो

नवा प्रोजेक्ट करताना किती प्रकरणं आणि प्रत्येकात किती प्रसंग आधीच तयार हवेत ते विचारलं जातं. ते भरलंत तर इंग्रजी नावांची प्रकरणं-प्रसंग तयार मिळतात आणि त्यांत # चिन्हं बरोबर असतात. मग माणूस शीर्षक मराठीत करायला जातो, अख्खी ओळ निवडतो आणि वर टाइप करतो. # आणि त्यामागची स्पेस त्या ओळीबरोबर पुसली जाते. कर्सर # आणि स्पेसच्या पुढे ठेवून तिथून ओळीच्या शेवटापर्यंतच निवडा. पुसलं गेलंच तर वरच्याप्रमाणे कंट्रोल-२ किंवा कंट्रोल-३.

आणखी एक घोटाळा उलट दिशेने होतो. झाडात एफ-२ ने डॉक्युमेंटचं नाव बदललं जातं आणि हेडिंगही बदललं असं वाटतं. तसं होत नाही. झाडातलं नाव आणि मजकुरातलं हेडिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हस्तलिखितात जातं ते हेडिंग.

# च्या मागची स्पेस विसरू नका. ‘##प्रकरण’ हे प्रोग्रॅमच्या लेखी हेडिंग नाही, ‘## प्रकरण’ आहे. # च्या आधीही काही नको, एक स्पेसदेखील नाही. दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर चिकटवला की ओळीआधीची स्पेस हमखास येते.

आधीच बिघडलेल्या ओळी दुरुस्त करताना

तीस-चाळीस प्रसंगांत # च्या जागी रकार पडले असतील तर शोधा-बदला वापरता येतं, पण इथे घाईने मजकुराचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आधी प्रोजेक्टचा बॅकअप घ्या. मग पुढचा क्रम पाळा.

एका बिघडलेल्या ओळीतले सगळे रकार आणि त्यापुढची स्पेस कॉपी करा. कंट्रोल-एच उघडा, शोधायच्या चौकटीत ते चिकटवा. बदलायच्या चौकटीत तितकीच # चिन्हं आणि एक स्पेस लिहा (त्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर न्या). पण सुरुवात चार रकारांपासून करा, मग तीन, मग दोन. दोनपासून सुरुवात केलीत तर तीन रकारांच्या ओळीतले शेवटचे दोन रकार बदलले जातात आणि पहिला तसाच पुढे लटकत राहतो. प्रसंगाची ओळ मग ना प्रसंग ना प्रकरण.

एका रकाराच्या ओळी, म्हणजे भागांची शीर्षकं, सगळी एकदम बदलू नका. रकार आणि स्पेस ही जोडी मराठीत पावलोपावली येते. ‘मित्र आला’, ‘समुद्र खवळला’, ‘रात्र झाली’ या प्रत्येकात शब्दाच्या शेवटी हेच दोन आहेत. न पाहता बदलत गेलात तर ‘मित्र’चा ‘मित#’ होतो, ‘रात्र’चा ‘रात#’, आणि हे हस्तलिखितभर. भाग एकूण असतात तीन-चार. ते हातानेच दुरुस्त करा.

नव्या आवृत्त्यांत पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधता येतं, त्यामुळे कुठल्या डॉक्युमेंटात बिघाड आहे ते सापडतं. बदल मात्र एकेक डॉक्युमेंट उघडून करा. तेवढं केल्यावर एफ-९.

डॉक्युमेंट भलत्या फोल्डरमध्ये

झाडात सगळ्यात वर मूळ फोल्डर असतात: नॉव्हेल, प्लॉट, कॅरेक्टर्स, लोकेशन्स वगैरे. कादंबरीचा मजकूर नॉव्हेल जातीच्या मूळ फोल्डरमध्येच हवा. तो ओढून कॅरेक्टर्समध्ये टाकलात तर त्याची जात बदलून तो नोंद होतो आणि आउटलाइनमधून जातो. परत नॉव्हेलमध्ये आणल्यावरही तो नोंदच राहिला आहे का, हे चिन्हावरून पाहा आणि उजव्या क्लिकमधून त्याला पुन्हा नॉव्हेल डॉक्युमेंट करा.

नॉव्हेल फोल्डरमध्ये नोंदी ठेवायला हरकत नाही, पण हस्तलिखित बांधताना त्या आपोआप वगळल्या जातात. तसंच एखादं डॉक्युमेंट इनॲक्टिव्ह केलेलं असेल तर तेही वगळलं जातं. पूर्ण प्रकरण छापील प्रतीत नसलं आणि झाडात मात्र दिसत असलं, तर आधी याच दोन गोष्टी तपासा.

टॅग जुळत नाहीत, जरी नाव अगदी तेच दिसतं

आधी रचना. कॅरेक्टर्स फोल्डरमध्ये पात्राची नोंद करा, तिला हेडिंग द्या, त्याखालच्या ओळीत मेनूतून टॅग घालून नाव लिहा. मग प्रसंगात, हेडिंगच्या लगेच खाली, वेगळ्या ओळीवर पात्राचा संदर्भ घाला आणि तेच नाव लिहा. एका ओळीत अनेक पात्रं असतील तर स्वल्पविराम. एक टॅग पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकदाच द्यायचा असतो. ‘आजी’ हा टॅग दोन नोंदींना दिलात तर दुसरीखाली रेघ येणारच. कादंबरीत दोन आज्या असतील तर ‘मोठीआजी’ आणि ‘माहेरचीआजी’ असं करा.

नोंद योग्य मूळ फोल्डरमध्येही हवी. पात्राचा संदर्भ कॅरेक्टर्समधल्या टॅगशीच जुळतो, स्थळाचा लोकेशन्समधल्या. ‘वाडा’ची नोंद प्लॉटमध्ये ठेवून स्थळ म्हणून संदर्भ दिलात तर तो चुकीचाच धरला जातो.

हे सगळं बरोबर असूनही रेघ येत असेल तर मराठीचं खास कारण शोधा. देवनागरीतली काही अक्षरं युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतात. पडद्यावर ती सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी असतात.

पहिला दोषी ऱ्य आणि ऱ्ह. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द ऱ (इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे) आणि हलन्त यांनी लिहिता येतो. किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिता येतो: ‘बर्‍हाणपूर’. युनिकोडची शिफारस पहिल्या पद्धतीची आहे, पण दुसरी जुन्या साधनांतून आलेल्या मजकुरात भरपूर आढळते. नोंदीत एक आणि प्रसंगात दुसरी पडली की टॅग जुळत नाही. अदृश्य जोडचिन्ह कुठे नसलं तर तिसराच प्रकार, ‘बर्हाणपूर’, पण तो निदान दिसतो तरी.

दुसरा दोषी ॲ. याला स्वतंत्र सांकेतांक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या सवयीने बरेच जण अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहितात. ‘ॲग्नेस’ आणि ‘अॅग्नेस’ बहुतेक फाँटमध्ये सारखेच दिसतात, पण टॅग म्हणून ती दोन वेगळी पात्रं. गोव्यात किंवा वसईत घडणाऱ्या कादंबरीत अशी नावं असणारच, तेव्हा सुरुवातीलाच एक पद्धत ठरवून घ्या.

उपाय सोपा आहे. प्रसंगात नाव टाइप करू नका. संदर्भाचा शब्द घातल्यावर प्रोग्रॅम उपलब्ध टॅगची यादी दाखवतो, त्यातून निवडा. यादी येत नसेल तर नोंदीतून कॉपी करून आणा. आणि टॅग शक्यतो छोटे, अशा अक्षरांशिवायचे ठेवा. ‘बऱ्हाणपूरकर’ऐवजी ‘दादासाहेब’ टॅग केला तरी मजकुरात पूर्ण नाव लिहायला कोणी अडवत नाही.

हाच घोटाळा मजकुरातल्या शोधालाही होतो. ‘साताऱ्या’ शोधल्यावर बारा ठिकाणं सापडतात आणि तुम्हाला तर खात्री असते की वीस आहेत. उरलेली आठ दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असतात.

जुना मजकूर आणताना

श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतींत लिहिलेली पानं थेट चिकटवली तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो बिघाड नाही. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो, आणि फाँट त्यांना म, र, काना, ठ, वेलांटी असे आकार देतो. इथे कृतिदेव फाँट लावून वेळ मारून नेऊ नका. पुढे शोध, टॅग काहीच चालणार नाही. आधी योग्य परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये न्या, जोडाक्षरं आणि रफार वाचून तपासा, मगच आत आणा.

टेक्स्ट फाइल म्हणून आणत असाल तर ती यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या प्रकारात) सेव्ह केलेली हवी. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच यूटीएफ-८ वापरतं. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खालच्या एन्कोडिंगच्या खिडकीत ते निवडावं लागतं. ‘आन्सी’मध्ये सेव्ह झाली तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि त्या फाइलमधून मजकूर परत मिळवता येत नाही. मूळ फाइल पुसू नका.

पूर्ण कादंबरी एकाच फाइलमध्ये असेल तर तुकडे हाताने करू नका. ती एका डॉक्युमेंटमध्ये आणा, प्रकरणांच्या ओळींवर कंट्रोल-२ आणि प्रसंगांवर कंट्रोल-३ देत एकदा वरपासून खालपर्यंत या. मग झाडात त्या डॉक्युमेंटवर उजवी क्लिक, ट्रान्सफॉर्म, स्प्लिट डॉक्युमेंट बाय हेडिंग्ज. किती पातळीपर्यंत तोडायचं ते विचारलं जातं. प्रसंगापर्यंत तोडा. प्रत्येक तुकड्याला त्याच्या हेडिंगचंच नाव मिळतं.

काही जण मधला रस्ता म्हणून फाइली थेट प्रोजेक्टच्या कंटेंट फोल्डरमध्ये टाकतात किंवा तिथल्या फाइलींना मराठी नावं देतात. हे करू नका. तिथल्या प्रत्येक फाइलचं नाव १३ अक्षर-अंकांचं असतं, आणि कुठली फाइल झाडात कुठे बसते याची यादी प्रोजेक्टच्या मुख्य फाइलमध्ये असते. नाव बदललं की दुवा तुटतो.

छापील प्रतीत फाँट बदलत नाही

बिल्ड मॅन्युस्क्रिप्टमध्ये फाँट निवडला, ओपन डॉक्युमेंट प्रकारात फाइल काढली, लिबरऑफिसमध्ये उघडली आणि मराठी मजकूर भलत्याच फाँटमध्ये दिसला, तर लिबरऑफिसची एक रीत लक्षात घ्या. तो देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ गटात धरतो आणि त्या गटाचा फाँट रोमनहून वेगळा ठरवतो. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर हा गट चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. मग परिच्छेदाच्या शैलीत फाँटच्या पानावर त्याचा वेगळा रकाना दिसेल, तिथे हवा तो फाँट आणि आकार द्या. मुख्य मजकुराची शैली आणि हेडिंगच्या शैली, दोन्हींत. हाताने मजकूर निवडून फाँट देऊ नका, पुढच्या वेळी पुन्हा तेच करावं लागेल. छपाईसाठी टिरो देवनागरी मराठी किंवा शोभिकासारखे फाँट बरे पडतात, त्यांत ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. पडद्यावर लिहिताना विंडोजचा निर्मला पुरेसा आहे.

प्रसंगांची शीर्षकं छापील प्रतीत न दिसता त्यांच्या जागी तारका दिसतात, हे ठरवून केलेलं आहे. शीर्षकंच हवी असतील तर बिल्डच्या सेटिंगमध्ये हेडिंग्जच्या पानावर बदला.

प्रोजेक्ट कुठे ठेवायचा

विंडोजवर डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि प्रोजेक्ट नकळत तिथे जातो. एका संगणकावर चालेल. दोन संगणकांवर एकाच वेळी उघडू नका. प्रोजेक्ट उघडताच त्यात एक कुलूप-फाइल तयार होते, आणि दुसरीकडे उघडताना त्यामुळेच इशारा येतो. तो इशारा दिसला तर आधी दुसरा संगणक बंद आहे आणि सिंक पूर्ण झाला आहे याची खात्री करा. वीज जाऊन संगणक बंद पडला असेल तर हेच कुलूप शिल्लक राहतं. तेव्हा इशारा मान्य करून उघडायला हरकत नाही.

बॅकअपची जागा प्रेफरन्सेसमध्ये बदलता येते. ती दुसऱ्या ड्राइव्हवर द्या आणि प्रोजेक्ट बंद करताना बॅकअप घेण्याचा पर्याय चालू करा. शोधा-बदलाने ‘मित्र’चे ‘मित#’ झाले तर कालचा मजकूर तिथूनच परत आणता येतो.